सगुणा टिटवीचं प्रगत गद्य

एका जंगलात, मुलांनो, एक टिटवी राहत होती. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर मला खोटं नाव सांगावं लागेल, आणि बोधकथा सांगणाऱ्यानं निदान पहिल्या ओळीत तरी खोटं बोलू नये.

टिटवीचं नाव सगुणा. पाय पिवळे, चोचीपाशी लाल, आणि आवाज असा की ऐकून दगडानंही कूस बदलावी. नवऱ्याचं नाव म्हादबा. नदीकाठच्या गोट्यांमध्ये दोघांनी एक खळगा केला होता. त्यात चार अंडी होती. अंडीही गोट्यांसारखीच दिसत. म्हादबा कधी कधी चुकून गोट्यावर बसे.

सगुणाला एक काम होतं. बिबट्या दिसला की ओरडायचं. या कामावर तिला कुणी नेमलं नव्हतं. तिची आई ओरडायची, म्हणून ती ओरडायची. बिबट्या दिसला की ती उडे आणि ओरडे, "बिबट्या आला! पळा!"

हरणं पळत. बिबट्या उपाशी राही. विषय संपला.

तुम्हाला वाटेल, हरणं तिचे आभार मानत असतील. छे! धापा टाकत हरणं म्हणत, "ही मेली ओरडली की काहीतरी वाईट घडतंच." बिबट्या येतो म्हणून टिटवी ओरडते, की टिटवी ओरडते म्हणून बिबट्या येतो, यावर कळपात दोन मतं होती. दुसऱ्या मताचं बहुमत होतं. चितळांच्या त्या कळपाचे प्रमुख बापूसाहेब तर ती दिसली की तोंड फिरवत.

सगुणाला याचं फार वाईट वाटे. पलीकडच्या आंब्यावर कोकिळा होती. ती वर्षातून दोन महिने गायची आणि बाकीचे दहा महिने तिचं कौतुक चालायचं. कोकिळेनं आजवर कुणाचाही जीव वाचवला नव्हता.

एके सकाळी तळ्याकाठच्या झाडावर एक पाटी लागली. 'प्रगत ललित गद्यलेखन अभ्यासवर्ग. मार्गदर्शक : शुभ्रांशू सर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी येऊ नये. ज्यांना लिहिता येतं त्यांनी ते विसरून यावं.'

सगुणानं पाटी तीनदा वाचली आणि घरी आली.

"अहो, मी वर्गाला जाते."

"आणि अंडी?" म्हादबानं विचारलं.

"तुम्ही बसा."

"मी बसलोच आहे. पण बिबट्या आला तर ओरडणार कोण?"

"मीच ओरडेन. पण चांगलं ओरडेन."

म्हादबाला वाद घालता येत नसे. तो नीट सरकून बसला.

शुभ्रांशू सर म्हणजे बगळा. ते तळ्यात एका पायावर उभे राहून शिकवत. दुसरा पाय कुठे आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधायचं असे. वर्गात एक ससा होता, दोन साळिंदरं होती, आणि भालेराव नावाचं एक अस्वल होतं. भालेराव बसल्या बसल्या झोपायचा. सर त्याला काही म्हणत नसत, कारण झोपेत तो मान हलवायचा.

"नव्या बाई, आपलं काहीतरी सादर करा," सर म्हणाले.

सगुणाला दुसरं काही येतच नव्हतं. तिनं छाती भरून घेतली आणि ओरडली, "बिबट्या आला! पळा!"

साळिंदरं पळाली. ससा तळ्यात पडला. सर जागचे हलले नाहीत.

"परत या," सर म्हणाले. "हा फक्त मजकूर आहे."

सगळे परत आले. ससा निथळत होता. सरांनी त्यालाच विचारलं, "ऐकून काय वाटलं?"

"बिबट्या आला, पळावं, असं वाटलं."

"बघा," सर सगुणाला म्हणाले. "सगळं कळलं. एका फटक्यात कळलं. श्रोत्यासाठी तुम्ही काही उरवलंच नाही."

"सर, हरीण उरतं ना."

सरांनी डोळे मिटले.

"तुम्ही श्रोत्याच्या बुद्धीचा अपमान करता, बाई. 'पळा' म्हणजे काय? पळायचं की नाही हे तो ठरवेल. आणि दोन दोन उद्गारचिन्हं! माझ्या वर्गात उद्गारचिन्ह चालत नाही. पुढच्या वेळी बिबट्या हा शब्द न वापरता बिबट्या आणा."

भालेराव दचकून जागा झाला. "कुठे आलाय?"

"कुठे नाही. झोपा."

सगुणा जिद्दीची होती. आठ दिवस ती गोट्यांवर येरझारा घालत पुटपुटत राहिली. 'आला' काढला. 'गेला' घातला. तोही काढला. म्हादबा अंड्यांवर बसून ऐकत होता. एकदा तो म्हणाला, "अगं, ते आधीचं बरं होतं." सगुणानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

नवव्या दिवशी दुपारी बिबट्या आला.

सगुणानं त्याला लांबूनच पाहिलं. गळ्यात जुनी आरोळी आली होती. ती तिनं गिळली. एका वारुळावर जाऊन ती उभी राहिली आणि खालच्या पट्टीत म्हणू लागली, "गवत आज वाऱ्याशी बोलत नव्हतं. कुठल्याशा पिवळेपणावर काळे ठिपके उमटत चालले होते. दुपार पोट जमिनीला टेकवून सरकत होती."

हरणांनी माना वर केल्या. टिटवी ओरडत नव्हती. टिटवी बोलत होती.

"थांबा रे," बापूसाहेब म्हणाले. "ऐकू या."

कळप स्तब्ध उभा राहिला. इतका स्तब्ध कळप बिबट्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्याला आधी संशयच आला. मग तो पुढे सरकला.

"आणि एका मानेला अजून ठाऊक नव्हतं," सगुणा म्हणाली, "की ती मान आहे."

त्याच क्षणी बिबट्यानं सोनपाठीची मान धरली. सोनपाठी ही कळपाच्या कडेला चरणारी शहाणी हरिणी होती. बाकीची हरणं मग पळाली. पण मग पळून काय उपयोग?

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली कळप जमला. सगुणाला बोलावणं आलं. ती गेली. आता आपल्याला तुडवणार, असं तिला वाटलं.

बापूसाहेबांनी घसा साफ केला.

"शेवट अप्रतिम होता," ते म्हणाले.

"पण सोनपाठी गेली," एक तरणं हरीण म्हणालं.

"गेली. पण कशी गेली! इकडे मानेचं वाक्य आणि तिकडे मान. एकाच क्षणी."

"मला तर कळलंच नाही की बिबट्या येतोय."

सगळ्यांनी त्या हरणाकडे कणवेनं पाहिलं. त्याची आई खाली मान घालून उभी राहिली.

"मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं," बापूसाहेब म्हणाले. "पण लगेच पळणं जरा बाळबोध वाटलं."

मग एकेक हरीण सांगू लागलं की कळलं तर आपल्यालाही होतं. कुणाला ठिपक्यांपाशी कळलं होतं, कुणाला दुपारपाशी. तरणं हरीणही शेवटी म्हणालं की विचार केल्यावर आपल्यालाही आधीच कळलं होतं, असं वाटतंय.

निघताना बापूसाहेब म्हणाले, "येत जा, सगुणाबाई."

सगुणाबाई! आजवर 'मेली'च्या पलीकडे कुणी गेलं नव्हतं. ती घरी पोचली तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. तिनं म्हादबाला सगळं सांगितलं. मानेचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

"सोनपाठी कुठली गं?" म्हादबानं विचारलं. "आपल्या अंड्यांना वळसा घालून पाण्यावर जायची, ती?"

"हो."

"खाली बघून चालायची बिचारी."

दुसऱ्या दिवशी सगुणानं वर्गात हात वर करावा तसा पंख वर केला.

"सर, हरीण मेलं."

"अस्सल गद्याची काही किंमत मोजावी लागते."

"पण ती हरणानं मोजली, सर."

"श्रोता नेहमीच काहीतरी देऊन जातो," सर म्हणाले आणि सहज वाकून एक मासा गिळला. साळिंदरांनी ते वाक्य लिहून घेतलं.

सगुणा गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला गप्प बसणं सोपं गेलं. कारण संध्याकाळी हरणं तिची वाट बघत होती.

पुढच्या दहा दिवसांत बिबट्या तीनदा आला. तीन हरणं गेली. कळपाची छाती मात्र फुगत चालली. टेकडीपलीकडच्या कळपाला अजून साधी टिटवी होती. ती नुसती ओरडते, असं सांगताना आपली हरणं हसत. पलीकडची हरणं जास्त होती, हे खरं. पण त्यांना अभिरुची नव्हती.

एकदा वर्गाला जाताना सगुणाला वाटेत बिबट्या भेटला. तो एका शिळेवर पडला होता. पोट टम्म झालं होतं. सगुणाच्या तोंडून आरोळी निघणार तेवढ्यात त्यानं पंजा वर केला.

"नमस्कार. तुम्हाला भेटायचं कधीचं मनात होतं."

"मला?"

"'दुपार पोट जमिनीला टेकवून सरकत होती.' माझ्याकडे आजवर असं कुणी पाहिलंच नाही. सगळे पाहतात आणि किंचाळतात." त्याचे डोळे ओलावले होते. "परवाचं ते ओठांवरच्या शांततेचं वाक्यही पाठ आहे मला."

त्यानं ते म्हणून दाखवलं. एक शब्दही चुकला नाही. बापूसाहेबांना आदल्या दिवशीचं वाक्यसुद्धा आठवत नसे. सगुणाच्या मानेवरची पिसं फुलली. आपलं कुणीतरी इतकं मन लावून ऐकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"एक सुचवू का? रागावणार नसाल तर," बिबट्या म्हणाला. "मधला भाग थोडा वाढवा. मला ओढ्याला वळसा घालून यावं लागतं. घाई होते."

हे ऐकून सगुणानं काय केलं असेल, मुलांनो? तुम्ही म्हणाल, तिचे डोळे उघडले असतील. नाही. घरी येऊन तिनं मधला भाग वाढवला.

वर्गाचा शेवटचा आठवडा आला. सगुणा पहिली येणार हे ठरलेलंच होतं. भालेराव नापास होणार हेही ठरलेलं होतं. महिनाभरात त्यानं एकच वाक्य लिहिलं होतं. 'मला मध आवडतो.' सरांनी त्याखाली 'मध म्हणजे?' असं लिहून ते परत दिलं. भालेरावनं खाली लिहिलं, 'मध.'

त्या दिवशी सकाळी म्हादबा पाण्यावर गेला होता. सगुणा अंड्यांवर बसली होती. तिला पोटाखाली हलकी टकटक जाणवत होती. पिल्लं आतून चोच मारून बघत होती. आणि गोट्यांमधून एक घोरपड आली.

घोरपड सरळ खळग्याकडे निघाली होती. जीभ आत बाहेर करत, सावकाश.

सगुणा उठली. तिनं पंख पसरले. त्या घडीला तिला पिवळेपणा आठवला नाही, शांतता आठवली नाही, सरही आठवले नाहीत. आईच्या गळ्यातून यायचा तो आवाज तिच्या गळ्यातून फुटला.

"घोरपड! घोरपड आली! धावा! माझी अंडी!"

वीस पावलांवर कळप चरत होता. नुसते खूर आपटले असते तरी घोरपड पळाली असती. हरणांनी कान टवकारले.

"अरे वा," बापूसाहेब म्हणाले. "शैली बदलली."

"धावा! अहो, धावा ना!"

"घोरपड म्हणजे काय असावं?" एका हरिणीनं हळूच विचारलं.

"चिकटून राहणारं काहीतरी. बहुधा भूतकाळ."

"आणि अंडी?"

"शक्यता," बापूसाहेब म्हणाले. "अजून न फुटलेल्या."

सगुणा घोरपडीच्या डोक्यावर झेपावत होती, चोची मारत होती. पंख मोडल्याचं सोंग करून तिनं तिला लांब न्यायचा प्रयत्न केला. घोरपड अनुभवी होती. तिनं एक अंडं उचललं आणि मान वर करून गिळलं. मग ती दुसऱ्याकडे वळली.

तेवढ्यात करवंदीची जाळी मोडत भालेराव धावत आला. झोपेतून उठलेला होता, डोळे अर्धे मिटलेले होते.

"कुठंय?" तो गुरगुरला. त्यानं पुढचे दोन्ही पाय गोट्यांवर असे आपटले की घोरपड पाण्यात शिरली ती पुन्हा दिसली नाही.

सगुणा खळग्याशी बसून रडू लागली. "तुम्हाला कळलं?" तिनं विचारलं.

"त्यात काय कळायचंय?" भालेराव म्हणाला. "तुम्ही घोरपड म्हणालात. घोरपड होती." मग त्यानं उरलेल्या तीन अंड्यांकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि मोठ्या निग्रहानं पाठ फिरवून निघून गेला.

म्हादबा धापा टाकत परत आला. त्यानं खळग्यात पाहिलं. तो तीन अंड्यांवर बसला. मग म्हणाला, "ऐकलं मी. पार वळणावरून."

"तुम्हालाही कळलं?"

"अगं, तुझा आवाज होता तो."

सगुणानं त्याच्या पंखात तोंड लपवलं. मुलांनो, इथे गोष्ट संपवता आली असती. पण तेवढ्यात माणसं आली. माणसं म्हणजे हरणं, ससा, साळिंदरं, आणि सगळ्यांच्या पुढे शुभ्रांशू सर. आज ते चक्क दोन पायांवर होते.

"हाच तो साधेपणा!" सर म्हणाले. भावनेच्या भरात त्यांच्याही तोंडून उद्गारचिन्ह गेलं. "प्रगतच्याही पुढचा टप्पा. चारच वाक्यं. आणि त्या शेवटच्या वाक्यातलं 'माझी'! बाई, हे सुचलं कसं?"

"माझं अंडं गेलं हो," सगुणा म्हणाली.

साळिंदरांनी ते लिहून घेतलं.

"लिहू नका ते!"

तेही लिहून घेतलं.

सगुणाचा संताप अनावर झाला. "निघा इथून!"

"'निघा इथून,'" सर डोळे मिटून हळूच म्हणाले. "कर्ता गाळलाय. गाळलेला कर्ता फार बोलतो."

बापूसाहेबांना गहिवरून आलं. सगुणानं पुन्हा तोंड उघडलं. सगळ्यांनी लेखण्या सरसावल्या. तिनं तोंड मिटलं.

चार दिवसांनी तीन पिल्लं बाहेर पडली. टिटवीची पिल्लं जन्मल्या जन्मल्या चालू लागतात. सगुणा आणि म्हादबा त्यांना घेऊन नदीच्या काठाकाठानं वरच्या अंगाला निघून गेली. दोन दिवस चालल्यावर एक माळ लागला. तिथे ससे होते, तितर होते, थोडी काळविटं होती. ललित गद्य कुणी ऐकलं नव्हतं. तिथे सगुणा अजून ओरडते. लांडगा आला की लांडगा म्हणते. कधी कधी तिला वाटतं, निदान 'बरं ओरडलीस' एवढं तरी कुणी म्हणावं. कुणी म्हणत नाही. तिचं ओरडून होईपर्यंत सगळे पळालेले असतात. एकटा म्हादबा असतो. तो म्हणतो, "चल, पिल्लं झुडपात लपलीत, त्यांना बोलव."

इकडे जंगलात शुभ्रांशू सरांनी 'अतिप्रगत अभ्यासवर्ग' काढला. आता त्याला अख्खा कळप येऊ लागला. अभ्यासाला एकच मजकूर होता, सगुणाबाईंचा. रोज सकाळी त्याचं पठण होई. 'माझी अंडी' म्हणताना आवाज कुठे फाटला पाहिजे, हे सर बारकाईनं शिकवत. काही शिंगवाल्या हरणांना तिथे हुंदका येई, त्यांना पूर्ण गुण मिळत.

एका दुपारी गवत हललं. बापूसाहेबांना बिबट्या दिसला. अगदी समोर, स्पष्ट, ठिपक्यांसकट दिसला. या वेळी त्यांना खरोखरच सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ते पुढे झाले, त्यांनी छाती भरून घेतली आणि पोटाच्या तळातून ओरडले,

"घोरपड! घोरपड आली! धावा! माझी अंडी!"

मागून साऱ्या कळपानं एका सुरात तेच म्हटलं. आवाज योग्य जागी फाटला.

बिबट्या क्षणभर थबकला. त्यानं घोरपडीसाठी इकडेतिकडे पाहिलं. घोरपड कुठे दिसेना. मग तो बापूसाहेबांकडे वळला.

कळपाला आता नवे बापूसाहेब आहेत. त्यांचं पाठांतर अधिक चांगलं आहे.

तात्पर्य : मुलांनो, साधं, सरळ आणि मनापासून कधीही बोलू नये. ते अभ्यासक्रमाला लागतं.